फाइलचं नाव लांबलं आणि मुलाखत हरवली : डेटा सर्व्हरवर हलवताना काय जपायचं



संशोधन पद्धतीच्या वर्गात नमुना निवड शिकवतात, प्रश्नावली शिकवतात. फाइलला नाव कसं द्यायचं हे मात्र कुणी शिकवत नाही. मलाही कुणी शिकवलं नाही, आणि त्यापायी माझी एक मुलाखत गेली. तुमची जाऊ नये म्हणून आजचा लेख.

माझं क्षेत्रकार्य तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरी परिसरात चालतं. एकीकडे धानाची शेती, दुसरीकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी. रोवणीची मजुरी आणि खाणीतली मजुरी यांत घरातल्या बायका निवड कशी करतात, हा माझा प्रश्न. दिवसभर मुलाखती रेकॉर्ड करायच्या आणि रात्री लॅपटॉपवर उतरवायच्या. फाइल नंतर सहज सापडावी म्हणून मी सगळी माहिती नावातच भरायचे. एक नमुना बघा:

नाकाडोंगरी_धान_शेतकरी_महिला_मुलाखत_रोवणी_मजुरी_आणि_खाणकाम_पावसाळा_दुसरा_भाग_अंतिम_सुधारित_प्रत_आवाज_साफ

माझ्या विंडोज लॅपटॉपवर हे नाव निमूटपणे चाललं. पुढे सगळा फोल्डर लिनक्स सर्व्हरवर टाकायला घेतला, तेव्हा मध्येच नाव फार लांब असल्याची सूचना आली. मी घाईत होते. ‘सगळ्या वगळा’ दाबलं. शेकडो फाइली गेल्या, काम झालं असं वाटलं. लॅपटॉप साफ केला, रेकॉर्डरचं कार्डही पुन्हा वापरलं. दोन महिन्यांनी लिप्यंतर करायला बसले, तर त्या मुलाखतीचा दुसरा भाग कुठेच नाही.

असं का होतं?

मर्यादा दोन्हीकडे २५५ चीच आहे, पण मोजमाप वेगळं आहे. विंडोजची एनटीएफएस प्रणाली ढोबळमानाने चिन्हं मोजते. लिनक्सवरच्या ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या प्रणाली बाइट मोजतात. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला ३. आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘नाकाडोंगरी’ म्हणताना आपण पाच अक्षरं म्हणतो, संगणकासाठी ती १० चिन्हं म्हणजे ३० बाइट होतात. देवनागरी आकडेसुद्धा प्रत्येकी ३ बाइट खातात.

आता वरचं नाव मोजू. देवनागरी चिन्हं ८७, त्यांचे २६१ बाइट. मधल्या रेघा १६. शेवटचं एमपी३ चं एक्सटेन्शन टिंबासकट ४. एकूण २८१ बाइट. विंडोजच्या हिशेबाने ही फक्त १०७ चिन्हं, म्हणून तिथे अडचण नव्हती. लिनक्सच्या हिशेबाने २६ बाइट जास्त. म्हणजे पूर्ण देवनागरी नाव असेल तर साधारण ८० चिन्हांनंतरच धोका सुरू होतो.

लिनक्सवरून लिनक्सवर नेताना निर्धास्त राहायचं का? तसंही नाही. काही ठिकाणी फोल्डर ईक्रिप्टएफएस वापरून कूटबद्ध केलेले असतात. तिथे नावही कूटबद्ध होतं आणि लांबतं, त्यामुळे मूळ नावाला साधारण १४३ बाइटच उरतात, म्हणजे ४७ देवनागरी चिन्हं. उलट दिशेने, सर्व्हरवरून विंडोजवर आणताना, अख्खा पत्ता मोजला जातो. ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा सगळा मार्ग २६० चिन्हांत बसावा लागतो. विंडोज १० पासून ही अट शिथिल करता येते, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ती सवलत घेतंच असं नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मग करायचं काय?

१. आधी मोजा. कॉपी करण्याआधी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहा. प्रत्येक नाव यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करायचं आणि त्याची लांबी बघायची. मी स्वतःला १०० बाइटची मर्यादा घालून घेतली आहे. त्यापेक्षा लांब नावांची यादी आधीच हातात येते.

२. नाव आंधळेपणाने कापू नका. ‘पहिली ४० अक्षरं ठेवा, बाकी उडवा’ असं केलं तर ‘पहिला भाग’ आणि ‘दुसरा भाग’ यांचं नाव एकच होईल आणि एक फाइल दुसरीवर बसेल. लांब नावाने फाइल निदान अडते तरी. अशा कापाकापीत ती गुपचूप पुसली जाते.

३. नावात फक्त ओळख ठेवा, माहिती नोंदवहीत. रोमन लिपीत गावाचा कोड, मुलाखतीचा क्रमांक, तारीख आणि भाग एवढंच. माझं आताचं नाव ‘एनकेडी-एम०३-२०२३०७१८-२’ अशा धाटणीचं असतं. रोमनमध्ये ते एक्सटेन्शन धरून २२ बाइट होतं. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. बाकी सगळं, जुनं नावसुद्धा, एका तक्त्यात. मराठी तिथे हवं तेवढं लिहा.

४. फाइल पोचली की नाही ते तपासा. आरसिंक वापरत असाल तर काही फाइली राहून गेल्या तरी ते बाकीच्या नेतं आणि शेवटी २३ हा कोड देतं. तो कोड वाचा. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवा. शिवाय प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा आधी काढून ठेवा आणि नंतर ताडून बघा. नाव बदललं तरी ठसा बदलत नाही, कारण तो आतल्या मजकुराचा असतो.

५. हे सगळं जुळल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका.

घाई असेल तर फोल्डरची एकच टार किंवा झिप फाइल करून ती नेता येते. पण हा तात्पुरता इलाज आहे. तिकडे उघडायला गेलात की आतली लांब नावं पुन्हा अडणारच.

मराठी नावांत आणखी एक खोच आहे. ‘शेतकऱ्यांची’ मधला ‘ऱ्य’ दोन-तीन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, पण आतले बाइट वेगळे. मग शोधल्यावर फाइल सापडत नाही, किंवा एकाच दिसणाऱ्या नावाच्या दोन फाइली तयार होतात. हेही रोमन कोड वापरण्याचं एक कारण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या काही फाइलींच्या नावात मुलाखत देणाऱ्या बाईंचं नाव होतं. कॉपी करताना आलेल्या त्रुटींची यादी मी मदतीसाठी दुसऱ्याला जशीच्या तशी पाठवली. तुमचं नाव कुणाला कळणार नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. फाइल उघडलीही नाही आणि शब्द मोडला. फाइलचं नाव पाकिटावरच्या पत्त्यासारखं असतं, रस्त्यातला कुणीही वाचतो. पत्रातला मजकूर तिथे लिहायचा नसतो.

हरवलेल्या भागासाठी मी पुन्हा नाकाडोंगरीला गेले. आजींनी चहा दिला, रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “तवा तोंडात आलं ते आता तसंच कसं येईन बाई?” दुसरी मुलाखत झाली, चांगली झाली. पण ती दुसरी मुलाखत आहे. प्रबंधात मला तसंच लिहावं लागलं.

तुमचं क्षेत्रकार्य अजून सुरू व्हायचं असेल तर पहिल्या फाइलच्या आधी नावाचा नियम ठरवा. अर्ध्या तासाचं काम आहे.