मिठूला सोबत

आमच्या लहानपणी वाड्यातल्या ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असायचाच. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, रानातला राघू पाळायला बंदी झाली आणि फ्लॅटच्या गॅलरीत परदेशी लव्हबर्ड आले. आमच्याकडेही एक होता. नाव अर्थातच मिठू!

लेक सासरी गेली आणि मिठू गप्पगप्प राहू लागला.

"अहो, त्याला कुणी सोबत तरी आणा!" हिने टुमणे लावले.

मी बाजारातून एक धडधाकट पाखरू आणले आणि त्याच संध्याकाळी मिठूच्या पिंजऱ्यात सोडले. आम्ही दोघेही स्वतःवर खूश!

चार महिन्यांनी मिठूची पिसे गळू लागली. जुनी पिसे टाकीत असेल, म्हणून आम्ही स्वस्थ बसलो. पण नवी पिसे बुडाशी आवळलेली, वेडीवाकडी येऊ लागली. काहींच्या नळीत रक्त साकळलेले. तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. त्यांनी पीस आणि रक्त तपासणीला पाठवले. दोन्ही पाखरांत विषाणू निघाला!

"हा पोपटांचा चोच-पिसांचा रोग," डॉक्टर म्हणाले. "१८८८ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या टेकड्यांत असे पिसे झडलेले रानपोपट दिसल्याची नोंद आहे. विषाणू अगदी चिमुकला, पण पिसे आणि चोच जिथे घडतात तिथेच घाला घालतो. शिवाय पाखराची प्रतिकारशक्ती ढासळते. नवे पाखरू वरून ठणठणीत दिसते, पण रोग बहुधा त्याच्याबरोबरच आला."

"औषध?"

"रोगावर नाही. माणसाला मात्र तो होत नाही. पण पिसांची भुकटी, विष्ठा यांतून तो दुसऱ्या पोपटांना लागतो. हातांवरून, कपड्यांवरूनही जातो, महिनोन्‌महिने टिकतो."

हातांवरून! माझ्या पोटात गोळाच आला. शेजारच्या काकांच्या नातवाने बजी पाळले होते. रोज संध्याकाळी ह्याच हातांनी मी त्यांना राळे घालीत होतो.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी काकांकडे जाऊन सारे सांगितले. काका काही बोलले नाहीत. दार मात्र लावून घेतले. पुढे महिनाभर जिन्यात भेटले तरी मान फिरवीत.

मिठू दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेला. काकांच्या बजींची तपासणी तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा झाली. सुदैवाने दोन्ही वेळा निर्दोष! आमचे दुसरे पाखरूही पुढच्या तपासणीत निर्दोष ठरले. लक्षणे न दिसलेली काही पाखरे हा विषाणू आपणच झटकून टाकतात म्हणे. त्या बिचाऱ्याचा काय दोष? घाई आमची होती.

तेव्हा नवे पाखरू आणाल, तर आधी त्याचे पीस आणि रक्त तपासून घ्या. दोन-तीन महिने त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, दाणापाण्याच्या वाट्या वेगळ्या ठेवा, आणि जुन्या पाखराचे आधी करून मग नव्याकडे वळा. एवढे केले असते, तर मिठू आज गॅलरीत असता.

परवा काकांनी स्वतः होऊन फराळाला बोलावले. मी बजींच्या पिंजऱ्याकडे वळलो, तोच नातू आडवा आला,

"आजोबा, आधी हात धुतले का?"