संदर्भसूचीतला क्षीरसागर

प्रबंधाच्या संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे शैलीपुस्तिका सांगते. एपीए शैलीच्या 2019च्या सातव्या आवृत्तीने तर प्रकाशनस्थळ लिहिण्याची अटही काढून टाकली. मराठी पुस्तकांची खरी अडचण मात्र नावांपाशी येते. 'विशाखा' कुसुमाग्रजांच्या नावावर, 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांच्या. माणूस एकच, मग नोंद कुठे? पुस्तकावर छापलेल्या नावाने करावी, म्हणजे वाचकाला ग्रंथालयात पुस्तक सापडते. हवे तर दुसरे नाव चौकटी कंसात द्यावे. टोपणनावाला आडनाव समजून त्याची उलटापालट मात्र करू नये.

आडनाव आधी, मग आद्याक्षरे, आणि क्रम वर्णमालेचा. इथे क्षीरसागर हमखास अडवतात: ते 'क'मध्ये बसतात की 'ह', 'ळ'नंतर? दोन्ही रिवाज आढळतात. एक धरा आणि शेवटपर्यंत पाळा. इंग्रजी नोंदी त्यांत मिसळण्यापेक्षा वेगळ्या विभागात ठेवलेल्या बऱ्या.

वर्ष हातातल्या आवृत्तीचे घ्यावे. नव्या आवृत्तीत पृष्ठक्रमांक बदलू शकतात, आणि पहिल्या आवृत्तीचे साल देऊन पाचवीतले पान सांगितले, तर तपासणारा भलत्याच पानावर पोहोचतो.