संगणकीय यादींतील फेरफार

१. पोथी लिहितांना चूक झाली, तर लेखनिक त्या अक्षरावर हरताळ लावून शुद्ध अक्षर लिहीत असे. तो पिवळा डाग पाहून संशोधकास एवढें तरी कळतें कीं, येथें कांहीं बदललें आहे. क्वचित् खालचें अक्षरही वाचतां येतें. हस्तलिखितांच्या याद्या आतां संगणकांतील कोष्टकांत ठेवल्या जातात, आणि तेथील दुरुस्तीचा असा डाग आपोआप राहत नाहीं. म्हणून ही दुरुस्ती कशी घडते, हें यादी राखणारानें जाणणें अवश्य आहे.

२. कोष्टकांची ही पद्धति एडगर कॉड यांनीं इ. स. १९७० मध्यें मांडली. तिच्यासाठीं चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ मध्यें जी आज्ञाभाषा प्रसिद्ध केली, तिच्यापासून आजची ‘एसक्यूएल’ निघाली. तींतील ‘सिलेक्ट’ ही आज्ञा नोंदी केवळ वाचते; ‘इन्सर्ट’, ‘अपडेट’ व ‘डिलीट’ या अनुक्रमें नोंद घालतात, बदलतात व काढून टाकतात. यादीकार या आज्ञा सहसा स्वतः लिहीत नाहीं. तो पडद्यावरील रकाने भरतो; आज्ञा रचून कोष्टकाकडे धाडण्याचें काम प्रोग्रॅम करतो. प्रोग्रॅम सदोष असेल, तर यादीकाराची दक्षता व्यर्थ होय.

३. पहिली गोष्ट अटीची. समजा, ४१२ क्रमांकाच्या पोथीचा लेखनशक १६९६ असतां यादींत १६६९ पडला आहे. तो सुधारणाऱ्या ‘अपडेट’ आज्ञेंत ‘व्हेअर’ या शब्दानें क्रमांकाची अट घालावी लागते. ती राहिली, तर कोष्टकांतील यच्चयावत् पोथ्या शके १६९६ च्या होतात. आणि आज्ञा व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळें संगणक सहसा हरकत घेत नाहीं.

४. दुसरी मूल्यांची. आज्ञेचें वाक्य व त्यांत भरावयाचीं मूल्यें प्रोग्रॅमनें निरनिराळीं पाठवावीं. रकान्यांतील मजकूर जसाच्या तसा वाक्यांत जोडला, तर रोमन लिपींतील डिसूझा या गोमंतकीय आडनांवांत असणारें एकेरी अवतरणचिन्ह मजकूर संपल्याची खूण ठरतें, व आज्ञा मोडते. दुष्ट हेतूचा मनुष्य त्याच वाटेनें स्वतःची आज्ञाही आंत घुसवूं शकतो.

५. तिसरी मोजदादीची. आज्ञेनें किती नोंदी बदलल्या, ती संख्या प्रोग्रॅमकडे परत येते. डॉटनेटमधील ‘एक्झिक्यूट-नॉन-क्वेरी’ व जावांतील ‘एक्झिक्यूट-अपडेट’ हेंच उत्तर देतात. वरील उदाहरणांत तें १ यावें. ० आल्यास ४१२ क्रमांक सांपडला नाहीं. १ हून अधिक आल्यास अट सैल आहे. यांपैकीं कशासही संगणक स्वतः चूक म्हणत नाहीं. म्हणून ही तपासणी प्रोग्रॅमनेंच केली पाहिजे.

६. चौथी एकसंधतेची. पोथी एका रुमालाच्या यादींतून दुसऱ्या रुमालाच्या यादींत नेतांना, एकीकडून काढणें व दुसरीकडे घालणें अशा दोन आज्ञा होतात. मध्येंच वीज गेली, तर पोथी कोठेंच उरत नाहीं. यास्तव त्या एका ‘ट्रँझॅक्शन’मध्यें बांधाव्या : दोन्ही सिद्धीस गेल्या तर ‘कमिट’नें कायम कराव्या, एरव्हीं ‘रोलबॅक’नें दोन्ही मागें घ्याव्या. मोजदाद चुकल्यासही हाच मार्ग. या कल्पनेचें विवेचन जिम ग्रे यांनीं १९८१ मध्यें केलें आहे.

७. तथापि ‘कमिट’ झाल्यावर ‘रोलबॅक’ चालत नाहीं, आणि पूर्वीचा पाठ पुसला जातो. पुढें १६६९ हाच शक खरा ठरला, तर पहिल्या यादीकाराची साक्ष कोठून काढावी? गांवच्या जमिनीच्या दप्तरांत यास उत्तर आहे. तेथें फेरफाराची वही निराळी असते. सातबाऱ्यावर जुनें नांव कंसांत जातें व शेजारीं फेरफाराचा क्रमांक पडतो. हस्तलिखितांच्या यादीसही तशी वही हवी. नोंदीचा क्रमांक, जुना पाठ, नवा पाठ, तारीख, दुरुस्ती करणाराचें नांव व तिचा आधार हीं दुसऱ्या कोष्टकांत त्याच ट्रँझॅक्शनमध्यें लिहिलीं जावीं, म्हणजे वहींत टिपल्यावांचून बदल होणारच नाहीं. संग्राहकांनीं ही मागणी प्रोग्रॅम लिहिणाराकडे प्रारंभींच करावी. वही मागाहून जोडली, तर तिच्यापूर्वींचे पाठ तींत येत नाहींत.