ग्रामसभा बसणार कुठे?

ग्रामपंचायतीची नवी इमारत म्हटली की नकाशावर सरपंचांचं दालन सर्वांत आधी आखलं जातं. त्याला लागून ग्रामसेवकांची खोली, पुढे ओटा, दारात झेंड्याचा खांब. ग्रामसभा कुठे भरवायची हा प्रश्न उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर पडतो. मग शाळेचं पटांगण शोधलं जातं, नाहीतर मारुतीचं देऊळ. हा क्रमच उलटा आहे, आणि तो उलटा का आहे हे समजून घ्यायला हिवरे बाजारकडे पाहावं.

नगर तालुक्यातलं, सव्वा हजाराच्या आसपास वस्तीचं हे गाव. पाऊस सरासरी साडेतीनशे-चारशे मिलिमीटर. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं आणि पुढे पाणलोटाची कामं झाली. ती हकिकत महाराष्ट्राला पाठ आहे. पण बंधारे आणि चर मोजताना एक गोष्ट मागे राहते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई, ऊस-केळीसारख्या पिकांना नकार, हे निर्णय कोणत्याही दालनातून हुकूम काढून टिकले नसते. ज्याला आपली शेळी बांधून ठेवायची आहे आणि ज्याला आपल्याच रानात बोअर मारता येणार नाही, त्याला त्या बैठकीत बसायला, उठून बोलायला जागा मिळाली, म्हणून ते टिकले.

पाण्याच्या ताळेबंदात हे आणखी स्पष्ट दिसतं. पर्जन्यमापकावरचा पाऊस आणि विहिरींची पातळी यांचा हिशेब मांडून उपलब्ध पाणी ठरतं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. या कामाला तीन गोष्टी लागतात: वर्षानुवर्षांच्या नोंदी सुरक्षित राहतील असं कपाट, आकडे सगळ्यांना वाचता येतील अशी भिंत, आणि गाव मावेल अशी बैठकीची जागा. इथल्या ग्रामपंचायतीच्या इमारतीला ‘ग्रामसंसद’ म्हणतात. मला त्या नावापेक्षा हे काम मोलाचं वाटतं, कारण इमारत कशासाठी हवी ते त्यातून कळतं.

आता साधं गणित करू. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. सतरंजीवर माणशी सात-आठ चौरस फूट धरले तरी १०० जणांना सातशे ते आठशे चौरस फूट हवेत. दहा बाय बाराच्या खोलीत १२० चौरस फूट मिळतात. म्हणजे कायद्याने सांगितलेली किमान सभासुद्धा अनेक कार्यालयांत बसू शकत नाही. गणपूर्ती झाली नाही म्हणून लोकांना उदासीन म्हणण्याआधी हा नकाशा तपासायला हवा.

इतर गावांनी आपापली उत्तरं शोधली आहेत. राळेगणसिद्धीत यादवबाबांच्या मंदिराने गावाच्या बैठकीची गरज भागवली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने गोटुलाची, म्हणजे गावाने एकत्र जमण्याच्या जागेची, परंपरा जपली आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त पाळली. दोन्ही जागा त्या-त्या मातीतून आलेल्या आहेत. तरीही देवळावर कायम विसंबणं मला पटत नाही. सभेची जागा अशी हवी की कोणत्याही जातीच्या, धर्माच्या माणसाला आणि कोणत्याही दिवशी कोणत्याही बाईला तिथे पाय ठेवताना विचार करावा लागू नये.

ग्रामपंचायतींचं काम किती वाढलं ते वेगळं सांगायला नको. १९५८च्या अधिनियमाच्या काळात दिवाबत्ती, गटार आणि घरपट्टी हा मोठा भाग होता. ७३वी घटनादुरुस्ती १९९३मध्ये अमलात आली. पुढे योजनांचे आराखडे आले, संगणक आले, दाखले देणारं सेवा केंद्र आलं. खोली मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली. स्वतःची इमारत नसलेल्या ग्रामपंचायतींसाठी राज्याने २०१८मध्ये बाळासाहेब ठाकरे स्मृती मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना आणली, ती गरजेची होती. मात्र निधीचा आकडा लोकसंख्येवर बेतला की इमारतीही एकाच साच्यात पडतात. डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांची गरज आणि एका गावठाणात वसलेल्या गावाची गरज सारखी नसते.

दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्याला उन्हात उभं राहावं लागू नये, एवढी सावली दारात हवी. चाकाच्या खुर्चीला उतार हवा. पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सदस्या दिवसभर थांबणार असतील, तर पाणी आणि कडी लागणारं स्वच्छतागृह ही त्यांच्या कामाची पहिली सोय आहे. नमुना ८ची वही, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि ठरावांची प्रोसिडिंग बुकं ओल आणि वाळवीपासून लांब, जमिनीपासून उंच, लोखंडी कपाटात हवीत. कोणाच्या घराचा हक्क, कोणाची वारसनोंद त्या पानांवर अवलंबून असते. तलाठी शेजारच्याच खोलीत ठरावीक वारी बसले, तर सातबारा आणि घरपट्टीसाठी शेतकऱ्याची एक खेप वाचते.

आणि नकाशा अभियंत्याच्या सहीला जाण्याआधी ग्रामसभेपुढे ठेवावा. गावाच्या पटांगणात चुन्याने खोल्यांच्या रेघा आखाव्यात, सतरंजी अंथरून शंभर माणसं बसवून पाहावीत, महिला सदस्यांनी दारं कुठे हवीत ते सांगावं. त्यात सरपंचांचं दालन चार फुटांनी आखडलं तर आखडू द्यावं.