बदलांची खतावणी

भ्रमणध्वनीतील एखादे ॲप नव्या आवृत्तीची वर्दी देते, तेव्हा बदलांच्या रकान्यात बहुधा एकच वाक्य आढळते: किरकोळ दोष दूर केले, कार्यक्षमता वाढविली. दोष कोणते? ते केव्हापासून होते? आमच्या पैशांना वा कागदपत्रांना त्यांची झळ लागली काय? चकार शब्द नाही. वाण्याने 'किरकोळ सामान' एवढेच लिहून बिल पुढे केले, तर गिऱ्हाईक ते चालवून घेईल काय? येथे मात्र आपण निमूटपणे बटण दाबतो.

तपशील देणे अवघड असते, ही सबब आम्हांस मान्य नाही. डोनाल्ड नुथ या अमेरिकन पंडिताने 'टेक' ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली रचली. १९७८ पासून दहा वर्षे तिच्यात केलेला प्रत्येक बदल त्यांनी टिपून ठेवला आणि १९८९ साली साडेआठशेहून अधिक नोंदींची ती वही, पंधरा प्रकारांत वर्गवारी करून, जगापुढे ठेवली. तीत त्यांच्या स्वतःच्या चुका होत्या. त्यांना जी लाज वाटली नाही, ती इतरांना का वाटावी?

दुसरी पळवाट अधिक साळसूद आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेल्या 'गिट'मध्ये कारागिराने दाखल केलेला प्रत्येक फेरफार त्याच्या टिपणासह नोंदला जातो. तीच यादी काही प्रकल्प जशीच्या तशी वाचकाच्या माथी मारतात. ही झाली रोजकीर्द. 'स्पेलिंग सुधारले', 'पुन्हा प्रयत्न' अशा शेकडो ओळींत एखादी सोय काढून टाकल्याची ओळ कोठे दडली आहे, हे कोणी शोधावे? रोजकिर्दीवरून खतावणी जाणत्या माणसाने मांडावी लागते.

ती कशी मांडावी, याचा सुटसुटीत नमुना ओलिव्हिए लाकाँ यांनी २०१४ साली 'कीप अ चेंजलॉग' या नावाने घालून दिला. नवी आवृत्ती वर, तिच्यापुढे तारीख; आणि खाली नवे काय, बदलले काय, लवकरच जाणार काय, गेले काय, दुरुस्त झाले काय व सुरक्षिततेसाठी केले काय, अशी सदरे. आमच्या मते तिसरे सदर सर्वांत मोलाचे. त्या प्रणालीच्या पायावर ज्यांनी आपले काम उभारले आहे, त्यांना पाया हलण्यापूर्वी सूचना मिळते ती तेथेच. आणि सदोष ठरलेली आवृत्ती मागे घ्यावी लागली, तरी तिची नोंद खोडावयाची नाही. मागे घेतल्याचा शेरा तिच्यापुढे ठळकपणे मारावयाचा.