साक्षीदार

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी दिवाळीच्या संध्याकाळी उभे राहावे. पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबे हालत असतात, बाजारात फराळाच्या जिनसांसाठी आणि कपड्यांसाठी झुंबड उडालेली असते, आणि या सगळ्या गजबजाटापासून चार पावलांवर संत योहान बाप्तिस्त याचे जुने देऊळ शांतपणे उभे असते. देऊळ हा शब्द मी मुद्दामच वापरला. ठाण्या-वसईकडची मराठी बोलणारी जुनी ख्रिस्ती मंडळी आपल्या चर्चला देऊळच म्हणतात. या जागेची परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते. डोंबिवलीहून, कल्याणहून रोज गाडीने येणारी हजारो माणसे या परिसरातून जातात. पण या मातीत ख्रिस्ती श्रद्धेची मुळे किती खोल आहेत, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येत असेल?

सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, कल्याण बंदरात ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. म्हणजे शिवाजी महाराजांनी कल्याण जिंकले त्याच्या हजारेक वर्षे आधी खाडीकाठी ख्रिस्ताची प्रार्थना होत होती! तेव्हा हा धर्म केवळ साहेबाच्या बोटीतून आला, ही आपली समजूत थोडी बाजूला ठेवली पाहिजे.

देवाची कृपा कशी ओळखावी, हा प्रश्न सर्वच धर्मांनी विचारला आहे. कोणी ती निसर्गात पाहतो, कोणी ग्रंथात, कोणी मूर्तीत. ख्रिस्ती माणसाला विचाराल तर तो बहुधा एखाद्या माणसाकडे बोट दाखवील. देव स्वतःच माणूस होऊन आला, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना देवाचा ठसा माणसाच्या आयुष्यात शोधावासा वाटला तर त्यात नवल ते काय? म्हणूनच त्यांच्या मंडळीत एखादा उठून आपल्या आयुष्यात काय घडले ते सांगतो, त्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. हुतात्म्यासाठी त्यांचा जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थही साक्षीदार असाच आहे. अरबीतल्या ‘शहीद’ शब्दाच्या पोटातही हाच अर्थ दडला आहे.

एक घरगुती भांडण

साक्षीदार या शब्दाचा हा दुहेरी अर्थ अक्षरशः खरा ठरला तो आपल्या ठाण्यात, १३२१ साली.

त्या वर्षी इराणच्या बाजूने एक जहाज ठाणे बंदराला लागले. त्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चारजण होते : तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमेत्रियस. बरोबर जॉर्डन नावाचा डोमिनिकन पंथाचा साधू होता. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडील परंपरेची काही ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. त्यांच्यापैकी एका घरी हे पाहुणे उतरले. जॉर्डन पुढे निघून गेला आणि इकडे त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. तिने काझीकडे दाद मागितली. काझीने पुरावा विचारला, तेव्हा ती म्हणाली की, घरी उतरलेल्या साधूंनी हे पाहिले आहे.

काही वर्षांतच ठाण्याला आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने ही हकिगत लिहून ठेवली आहे. चौघांपैकी पीटर सामान राखायला घरी राहिला आणि बाकीचे तिघे साक्ष द्यायला गेले. तेथे मारहाणीची गोष्ट बाजूला राहून धर्माचा वाद सुरू झाला. तुम्ही कोणाला मानता, आमच्या पैगंबरांविषयी काय म्हणता, अशी विचारपूस झाली. परके शहर, परकी भाषा, मागे ना फौज ना खजिना. गोड बोलून निसटता आले असते. ते निसटले नाहीत. ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांचा शिरच्छेद झाला आणि पीटरलाही दोन दिवसांनी तेच मरण आले. दिल्लीच्या सुलतानाला हे कळल्यावर त्याने येथील अधिकाऱ्याला कडक शासन केले, असेही ओडोरिक सांगतो. म्हणजे अन्यायाला अन्याय म्हणणारी माणसे तेव्हा त्या बाजूलाही होती. जॉर्डनने परत येऊन मृतदेह सोपाऱ्यास पुरले. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. थॉमसला १८९४ साली पोपनी ‘धन्य’ म्हणून मान्यता दिली.

जुन्या वृत्तांतात अग्निदिव्याची चमत्कारकथाही आहे. ती ज्याची त्याने मानावी. मला मात्र तिच्यापेक्षा एक साधी गोष्ट अधिक मोलाची वाटते. हे लोक निघाले होते दूरदेशी धर्मोपदेशासाठी. पण त्यांची कसोटी लागली ती एका मार खाल्लेल्या बाईच्या बाजूने दोन शब्द बोलण्यात. शेजारच्या खोलीतून रडण्याचा आवाज येत असताना ‘आपल्याला काय करायचे आहे’ म्हणून रेडिओ मोठा करणारे आपण! आपल्याला या चौघांची गोष्ट सहाशे नव्हे, सातशे वर्षांनंतरही जरा टोचावी.

वसईचा दुभाषा

त्यानंतर अडीचएकशे वर्षांनी, १५५६-५७ च्या सुमारास, वसईत गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई कोकणची. हा पोरसवदा वयात जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तेथली भाषा सफाईने बोलू लागला. त्या पंथात आपल्याला घ्यावे, ही त्याची मोठी इच्छा. पण ती काही पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात त्याचा जमही बसला. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला घेतले, तेही पाद्री म्हणून नव्हे, साधा सेवक-बंधू म्हणून. १५९३ साली दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानात गेला. तेथे वारे फिरले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीसजणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. त्यांत आपला वसईकर होता. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत मानला जातो.

पहा, ज्याला एका दारातून परत फिरावे लागले, तोच शेवटी सर्वांत पुढे उभा राहिला! ख्रिस्ती विचारात या गोष्टीला मोठे महत्त्व आहे. देवाचे सामर्थ्य बलवंतांपेक्षा दुबळ्यांमधून अधिक स्पष्ट दिसते, असे पौलाने आपल्या पत्रांत पुनःपुन्हा सांगितले आहे.

येथे वाचक मला अडवील आणि विचारील, पोर्तुगीजांच्या सामर्थ्याचे काय? त्यांनी या भागात देवळे पाडली, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालविले, ती कोणती कृपा? प्रश्न रास्त आहे आणि त्याला आडवळणाचे उत्तर देऊ नये. ती कृपा नव्हती, ती सत्ता होती. तिचे पुढे काय झाले, तेही इतिहासात आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि दोन वर्षांत ती सगळी सत्ता वाहून गेली. पण वसई-ठाण्याकडच्या गावांतला ख्रिस्ती शेतकरी, मच्छीमार मात्र आपली प्रार्थना धरून राहिला. पाठीशी तलवार नसतानाही जे उरले, तीच खरी श्रद्धा.

कल्याणचा विद्यार्थी

आता कल्याणला येऊ. १८६९ ते १८७३ या वर्षांत कल्याणच्या शाळेत नारायण वामन टिळक नावाचा एक मुलगा शिकत होता. जन्म कोकणातल्या करजगावचा, १८६१ चा. मुंबईहून कल्याणपर्यंत आगगाडी येऊन तेव्हा दीड तपही पुरते झाले नव्हते. पुढे याच मुलाच्या आयुष्याला वळण मिळाले, तेही आगगाडीच्याच डब्यात! १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळकांनी वाचला, डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. त्यांचे ख्रिस्तावरचे अभंग आजही मराठी मंडळीत गाइले जातात.

परंतु टिळकांची साक्ष ही अर्धीच गोष्ट आहे. बाकीची अर्धी लक्ष्मीबाईंपाशी आहे.

नवऱ्याला प्रकाश दिसला खरा. पण बायकोचा संसार त्या दिवशी अंधारात बुडाला. जिवंत नवऱ्यापासून दूर, लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने त्यांनी काही वर्षे काढली. कोणाच्या कृपेची ही तऱ्हा, असे त्यांनी विचारले असते तर त्यांना दोष कोण देईल? पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. सोवळ्याचे अपार वेड असलेल्या बापाच्या घरात वाढलेली ही बाई. एका दिवसात बदलणे शक्यच नव्हते. टिळकांनी, रागीट स्वभावाच्या या माणसाने, येथे मात्र जबरदस्ती केली नाही. हळूहळू, रोजच्या धबडग्यात, लक्ष्मीबाईंच्या मनातला उच्चनीचपणाच गळून पडला. ज्यांची सावली टाळायची, त्यांच्या हातचे पाणी त्या पिऊ लागल्या, त्यांची मुले त्यांनी मांडीवर घेतली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१९ मध्ये टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुरे केले शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. १९३४ ते १९३६ या काळात त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकात टिळक देवमाणूस म्हणून रंगवलेले नाहीत. त्यांचा राग, विसरभोळेपणा, घरात दमडी नसताना असेल ते दुसऱ्याला देऊन टाकण्याची खोड, सगळे आहे. आणि लेखिका स्वतःलाही हसते आहे. मराठी घराघरांत, धर्म न पाहता, ते पुस्तक आवडीने वाचले गेले.

माझ्या मते ख्रिस्ती अर्थाने ही खरी साक्ष. ज्या माणसात दोषच नाहीत, त्याच्यात देवाला करायला काम तरी काय उरते? दोष असलेली, एकमेकांना दुखावणारी दोन माणसे शेवटी अधिक मोकळी, अधिक दयाळू झाली. हे कसे झाले, याला श्रद्धावान माणूस कृपा म्हणतो. तुम्ही त्याला सुसंस्कार म्हणा, मनाचा मोठेपणा म्हणा. शब्दासाठी भांडण नको. मरणाला न भिणारी माणसे सर्व धर्मांत झाली आणि धर्म नसलेल्यांतही झाली, तेव्हा नुसत्या मरणाने कोणाच्या देवाची सिद्धता होत नाही. पारख करावयाची ती एवढीच की, या श्रद्धेने माणूस शेजाऱ्याशी कसा वागू लागला? मार खाणाऱ्या बाईसाठी तो उठला का? दूर ठेवलेल्या मुलाला त्याने जवळ घेतले का?

पौलानेच एके ठिकाणी म्हटल्याचा आशय असा आहे की, आम्ही मातीची भांडी आहोत. आतले धन आमचे नव्हे. आपल्याला हे समजावून घ्यायला लांब जायला नको. आज संध्याकाळी दारात पणती लावताना तिच्याकडे नीट पहा. कुंभाराने घाईत वळलेली, कडेला किंचित वाकडी, कुठे चीर गेलेली. उजेड तिचा नसतो. पण तिच्यावाचून तो उंबऱ्यापर्यंत पोचतही नाही.