डीएनए नेमका कापणारी विकरे

बीटी कापसातील बोंडअळीरोधक जनुकाचा उगम ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जमिनीतील जिवाणूत आहे. असे जनुक पिकात नेण्यापूर्वी प्रयोगशाळेत कापावे व जोडावे लागते. कापण्याचे काम निर्बंधक विकरे, म्हणजेच रिस्ट्रिक्शन एन्झाइम करतात.

ही विकरे मूळची जिवाणूंचीच. पेशीत शिरलेल्या विषाणूचा डीएनए जिवाणू त्यांच्या साहाय्याने तोडतात. स्वतःच्या डीएनएवरील त्याच जागा मात्र मिथिल गट जोडून सुरक्षित ठेवतात. या शोधकार्यासाठी आर्बर, नेथन्स व स्मिथ यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘ई. कोलाय’पासून मिळालेले ‘इको-आर-वन’ हे विकर ‘जी-ए-ए-टी-टी-सी’ एवढाच क्रम ओळखते. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते. येथे उलटे वाचन जोडीच्या धाग्यावर करावयाचे, इतकाच फरक. दोन्ही धागे ‘जी’ व ‘ए’ यांच्यामध्ये तुटतात. छेद समोरासमोर नसल्याने प्रत्येक टोकाशी ‘ए-ए-टी-टी’ ही चार अक्षरे एकेरी व मोकळी उरतात. जनुक आणि त्याचे वाहक प्लाझ्मिड एकाच विकराने कापले, तर ही चिकट टोके परस्परांत बसतात व लायगेज हे विकर सांधा पक्का करते.

हे विकर बियाण्यात उरते का, असा प्रश्न शेतकरी विचारतात. उरत नाही. छेदानंतर ‘इको-आर-वन’ ६५ अंश सेल्सिअसला २० मिनिटे तापवून निष्क्रिय करता येते. पुढे ॲग्रोबॅक्टेरियमच्या द्वारे वनस्पतीच्या पेशीत जातो तो केवळ जोडलेला डीएनए.